शिडीचा पाय

बरेच दिवस इथे काही लिहिलं नव्हतं. कारण रिलीज नाही (ते तर बारा महिने असतंच). कारण म्हणजे आमचे बाबा शिडीवरून पडले.

दर वर्षी मे महिन्याच्या शेवटी गावच्या घराची कौलं परतायची असतात. माणसं मिळत नाहीत, आणि मिळाली तरी त्यांचं काम बाबांना पसंत पडत नाही. मग ते स्वतःच चढतात. घराच्या मागे जमीन परसाकडे उतरत जाते, तिथे शिडी सरळ उभी राहत नाही. म्हणून उताराकडच्या पायाखाली चिऱ्याचा एक तुकडा सारायचा, ही आमच्या घरातली तीस वर्षांची पद्धत. यंदा तो तुकडा फिरला. सात-आठ फुटांवरून बाबा खाली आले, उजवं मनगट मोडलं. डोकं धुण्याच्या दगडापासून हातभर लांब पडलं, हे नशीब.

मी पुण्याहून रात्रीची गाडी पकडून पोचलो तेव्हा हात प्लॅस्टरमध्ये होता आणि बाबा आईला सांगत होते, "शिडीची काही चूक नव्हती हो." खरंच नव्हती. चूक कशाची होती ते मी दुसऱ्या दिवशी टेप घेऊन मोजलं. आता इंजिनीयर माणूस दुसरं काय करणार? शिडीच्या दोन पायांमधलं अंतर ४० सेंटीमीटर. तेवढ्या अंतरात जमीन ६ सेंटीमीटर खाली जाते. म्हणजे चिरा काढला तर शिडी दर मीटरला १५ सेंटीमीटर बाजूला झुकणार. चार मीटरवर हे ६० सेंटीमीटर होतात. पण खरी गंमत (गंमत म्हणवत नाही, पण असो) आणखी खाली आहे. शिडीच्या मध्यापासून तिचा पाय फक्त २० सेंटीमीटरवर. त्यामुळे माणूस साधारण साडेचार फुटांच्या वर असेल तर त्याचं वजन पायाच्या बाहेर पडतं. मग त्याला धरून ठेवतं ते फक्त वरच्या टोकाचं भिंतीशी असलेलं घर्षण. बाबा सात-आठ फुटांवर होते. चिरा फिरला त्या क्षणी हिशोब संपलेला होता.

हॉस्पिटलच्या बाकावर दोन रात्री काढायच्या होत्या. फोनवर शोधता शोधता मी भलतीकडेच गेलो, म्हणजे इतिहासात. शिडी कशी उभी करावी याचा विचार पूर्वी कोणी केला होता का? केला होता, पण कौलं परतणाऱ्यांचा इतिहास कोण लिहितो? शिडीबद्दल जे तपशिलात लिहिलेलं आहे ते सगळं भिंतीवरून उडी मारणाऱ्यांचं, युद्धातलं.

त्यातली प्लॅटियाची गोष्ट मला सगळ्यात आवडली. प्लॅटिया हे ग्रीसमधलं छोटंसं नगर, अथेन्सच्या बाजूचं. इ.स.पू. ४२९ मध्ये स्पार्टा आणि तिच्या मित्रांनी त्याला वेढा घातला. वेढा म्हणजे नुसते तंबू नव्हेत. त्यांनी नगराभोवती विटांच्या दोन भिंती बांधल्या, एक नगराकडे तोंड करून आणि दुसरी बाहेरून अथेन्सची कुमक आली तर तिच्यासाठी. मधल्या सोळा फुटांत पहारेकऱ्यांच्या खोल्या, वर ठरावीक अंतरावर बुरूज. विटांसाठी माती काढली त्याचे दोन्हीकडे खंदक झाले. इ.स.पू. ४२८-२७ च्या हिवाळ्यात आतलं धान्य संपत आलं, अथेन्सहून मदत येण्याची आशा उरली नाही, आणि आतल्यांनी ठरवलं की शिड्या लावून भिंत ओलांडायची. आधी सगळेच तयार होते. मग निम्म्यांना ते फार धोक्याचं वाटलं. उरले साधारण २२०.

आता शिडी किती लांब करायची? टेप घेऊन शत्रूच्या भिंतीपाशी जाता येत नाही. भिंतीचा एक भाग नीट लिंपलेला नव्हता, तिथे विटांचे थर दिसत होते. मग बऱ्याच लोकांनी एकाच वेळी ते थर मोजले. पुन्हा पुन्हा मोजले. थ्युसिडिडीज लिहितो की काहींचा आकडा चुकला तरी बहुतेकांचा बरोबर येईल, हा त्यामागचा विचार. मग एका विटेची जाडी अंदाजाने धरून गुणाकार. आपण तीन सर्व्हरना एकच प्रश्न विचारून दोघांचं मत धरतो, त्याचा हा चोवीसशे वर्षांपूर्वीचा अवतार. मी हे वाचून बाकावर एकटाच हसलो, शेजारच्या आजींनी वळून पाहिलं.

पण मला अडकवलं ते पुढच्या एका तपशिलाने. रात्र त्यांनी मुद्दाम वादळी निवडली. पाऊस, वारा, चंद्र नाही. एकमेकांची शस्त्रं आपटून आवाज होऊ नये म्हणून अंतर ठेवून चालले. आणि प्रत्येकाने जोडा घातला होता तो फक्त डाव्या पायात. उजवा पाय अनवाणी. का, तर चिखलात घसरू नये म्हणून. शिडीची उंची हिशोबाने काढली होती, पण जमिनीचा भरवसा धरायचा तर अनवाणी पायाची बोटंच कामाची! आमच्याकडे चिखलणीच्या वेळी शेतात उतरणाऱ्या कोणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही.

शिड्या लागल्या. कोरीबसचा मुलगा अमिअस पहिला चढला, त्याच्या मागून अकरा जण, आणि दोन्हीकडच्या बुरुजांवर सहा-सहा जण गेले. बरेच जण वर पोचलेले असताना कोणाचा तरी हात लागून एक कौल खाली पडलं (कौल!). आवाज झाला, आरडाओरड झाली, शत्रूने थीब्सच्या दिशेने इशाऱ्याच्या मशाली पेटवल्या. तर नगरात राहिलेल्यांनी आपल्याही मशाली पेटवून तो इशारा गढूळ करून टाकला. पलीकडच्या खंदकात पाणी मानेपर्यंत आणि वर बर्फाची पापडी, चालण्याइतकी घट्ट नाही. तरी २१२ जण अथेन्सला पोचले. काही जण वाटेतून परत फिरले, एक तिरंदाज पकडला गेला. आत राहिलेल्यांचं काय झालं तेही सांगायला हवं. पुढच्या उन्हाळ्यात नगर शरण आलं आणि दोनशेहून कमी नाहीत इतके प्लॅटियाचे लोक आणि २५ अथेनियन मारले गेले. जे शिडीवर चढायला घाबरले होते, ते बहुधा यांच्यातच.

शिडीचं गणित लिहून ठेवणारा माणूस मात्र पुढे अडीचशे वर्षांनी आला. पॉलिबियस. याला चिडच होती सेनापतींच्या अडाणीपणाची. मॅसिडोनियाचा राजा पाचवा फिलिप इ.स.पू. २१७ मध्ये मेलिटियावर रात्री अचानक चालून गेला, गावकरी गडबडून गेले, गाव हातात आल्यासारखंच होतं. शिड्या लावल्या तर त्या आखूड! पॉलिबियस म्हणतो, भूमिती शिका. भिंत १० माप असेल तर शिडी १२ करा, आणि शिडीचा पाय भिंतीपासून शिडीच्या निम्म्या लांबीवर ठेवा. त्याहून लांब ठेवलात तर माणसांच्या वजनाने मोडेल, जवळ ठेवलात तर अस्थिर होईल.

हे मी कागदावर करून पाहिलं. शिडी १२, पाय ६ वर, म्हणजे कोन बरोबर ६० अंश. टोक जातं १०.३९ वर, म्हणजे १० च्या भिंतीच्या जरा वर. सुबक! पण आजचा नियम काय सांगतो? चार उंचीला एक अंतर, म्हणजे सुमारे ७५ अंश. फरक किरकोळ नाही. शिडीचं स्वतःचं वजन सोडून दिलं आणि माणूस टोकाला आहे असं धरलं, तर ७५ अंशांना पाय मागे सरकवणारा जोर माणसाच्या वजनाच्या पाव भागाहून थोडा जास्त असतो. पॉलिबियसच्या ६० अंशांना तोच निम्म्याहून जास्त, ५८ टक्के. कोरड्या मातीत पाय रुतलेले असतील तर चालेल. ओल्या फरशीवर बिलकुल नाही. माझा अंदाज असा की त्याच्या डोळ्यासमोर एक माणूस नव्हता, एकामागून एक चढणारी रांग होती आणि वरून ढकलणारे शत्रू. उभी शिडी मागे ढकलायला सोपी.

आणि एक शब्द त्याने सहज घालून दिलाय. दुरून भिंतीची उंची मोजता येते असं तो म्हणतो, पण ती सपाट प्रतलावर काटकोनात उभी असलेल्या वस्तूची. सपाट! भूमितीत जमीन नेहमी सपाटच असते. परसाकडे उतरत जाणारी जमीन त्याच्या पुस्तकात नाही.

ती आपल्याकडे आहे. १८०३ चं इंग्रज-मराठा युद्ध म्हटलं की आपण असईच्या तोफा आठवतो, पण त्या मोहिमेची सुरुवात आणि शेवट दोन्हीकडे शिड्या आहेत. ८ ऑगस्टला आर्थर वेलस्लीच्या (पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन) फौजेने अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, पेठेच्या भिंतीला शिड्या लावल्या. एका तुकडीची माणसं वर पोचली आणि पाहतात तर आत फांजीच नाही. उभं राहायला जागा नाही, वर चढलेला प्रत्येक जण नेम धरायला मोकळा. तिथे माणसं उगीच मेली. शिडीचा पाय आणि डोकं, दोन्ही टोकांना काय आहे ते आधी पाहायचं असतं.

शेवट गाविलगडावर. चिखलदऱ्याला गेलेल्यांनी तो पाहिला असेल. नागपूरकर भोसल्यांचा हा किल्ला डोंगराच्या सोंडेवर आहे, बाहेरचा कोट आणि आतला कोट यांच्यामध्ये खोल घळ. स्टीव्हन्सनच्या तुकडीने डोंगरातून रस्ता काढत तोफा उत्तरेच्या बाजूला ओढून नेल्या, बाहेरच्या भिंतीला खिंडार पडलं आणि १५ डिसेंबरला हल्ला झाला. बाहेरचा कोट पडला. पण आतल्या भिंतीला खिंडारच नव्हतं, आणि दरवाजाकडे जाणारी वाट अरुंद, चढी. तिथे हल्ला अडला. तेव्हा ९४ व्या रेजिमेंटचा कॅप्टन कॅम्पबेल आपली हलकी तुकडी घेऊन घळीपलीकडच्या भिंतीखाली गेला, एका जागी शिड्या लावल्या, वर चढला आणि आतून दार उघडलं. किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला. दोन दिवसांनी देवगावचा तह झाला.

आपल्या बाजूने पाहिलं तर हा वाईट दिवस आहे, ते मला माहीत आहे. पण ट्रेकला जाणाऱ्या कोणीही ती घळ डोळ्यासमोर आणावी. वेलस्लीच्या पत्रात हे सगळं जेमतेम एका वाक्याचं: शिड्या लावल्या, भिंत चढले, दार उघडलं. खाली त्या तिरक्या डोंगरउतारावर शिडीचे पाय धरून कोण उभं होतं? चढणाऱ्यांची नावं इतिहासात आहेत, अमिअस, कॅम्पबेल. धरणाऱ्याचं नाव मला कुठे दिसलं नाही. (आमच्याकडे शिडी धरायला आई असते. त्या दिवशी ती दूध उतू जाईल म्हणून आत गेली होती. तेव्हापासून ती स्वतःलाच दोष देते आहे, म्हणून मी हे गणित आधी तिला समजावलं.)

मग यावर उपाय कोणी काढला? माळ्यांनी. जपानी बागकाम करणारे आणि अमेरिकेतल्या फळबागांतले लोक तीन पायांची शिडी वापरतात. पुढे पायऱ्यांची रुंद बाजू, मागे एकच लांब दांडा, तो फांद्यांमधून आत खुपसता येतो. कँटीनचं चार पायांचं टेबल डुगडुगतं आणि आपण खाली कागदाची घडी सारतो. तिपाई कधी डुगडुगत नाही, कारण कुठल्याही तीन बिंदूंतून एक प्रतल जातंच. अर्थात ती शिडी मातीसाठी. गुळगुळीत काँक्रीटवर मागचा दांडा सरकू शकतो. शिवाय न डुगडुगणं वेगळं आणि सरळ उभं राहणं वेगळं, उतारावर तिलाही समतल करावंच लागतं.

भिंतीला टेकवायच्या शिडीसाठी दुसरा उपाय, एक पाय लांब-आखूड होणारा. ब्रिटनच्या सरकारी कामगार-सुरक्षा खात्याची पूर्वीची मर्यादा अशी होती की बाजूचा उतार १६ अंशांपेक्षा आणि मागचा ६ अंशांपेक्षा जास्त नको, आणि बाजूच्या उतारावरही पायऱ्या समतल करूनच चढायचं. विटा, ठोकळे पायाखाली सारायचे नाहीत. आमचं परसू फोनवर मोजलं तर ९ अंश भरलं. म्हणजे जागा वाईट नव्हती, चिरा वाईट होता.

ॲल्युमिनियमची शिडी आणली. नाक्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडून चौकोनी पाईपात पाईप सरकणारा एक पाय करून घेतला, दर दोन सेंटीमीटरवर भोक, आरपार जाणारी पिन, खाली रबराचा रुंद तळवा. त्याला दोन वेळा समजावून सांगावं लागलं की एकच पाय हवाय. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "दादा, दुसरा विसरलात तर मग मला बोलू नका."

प्लॅस्टर निघाल्यावर बाबांनी शिडी पाहिली. एवढ्या पैशात चार गडी लावून घर शाकारून झालं असतं, म्हणाले. मग डाव्या हाताने हलवून पाहिली, उतारावर उभी केली, पुन्हा हलवली. चढले नाहीत. पिन आरपार बसली आहे का ते मात्र दोनदा वाकून बघितलं, आणि आईला हाक मारली, "इकडे ये गं, जरा धर."