जीपच्या जुन्या जाहिरातींचा संग्रह
दुसऱ्या महायुद्धातील जीप व तिच्या नागरी आवृत्त्यांच्या छापील जाहिराती, माहितीपत्रके, चालक-पुस्तिका आणि खेळणी जमविण्याचा छंद. टोलीडो (अमेरिका) येथील विलीज-ओव्हरलँड कंपनीच्या युद्धकालीन जाहिरातींना विशेष मान आहे. त्यांतील अनेक रणचित्रे जेम्स सेशन्स यांनी रंगविली. जीप आपणच निर्माण केली, हा या जाहिरातींतील कंपनीचा दावा अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने १९४८ मध्ये फेटाळला. मूळ कल्पनेचे श्रेय अमेरिकन बँटम कंपनी व लष्करी अधिकाऱ्यांना मिळाले. या वादाचा पुरावा म्हणून हे जाहिरातींचे कागद औद्योगिक इतिहासाचे मोलाचे साधन ठरतात. १९४५ नंतरच्या, सीजे-२ए या नागरी आवृत्तीच्या जाहिरातींत हीच गाडी शेतीकामाला जुंपलेली दिसते. मूळ प्रत ओळखताना कागद, छपाईचे ठिपके आणि मागील बाजूचा मजकूर तपासतात. आम्लमुक्त वेष्टनात, उन्हापासून व दमटपणापासून दूर ठेवल्यास ती दीर्घकाळ टिकते.