मांस भरून काढण्याची विद्या



१७९२ सालच्या टिपूवरील मोहिमेंत इंग्रजी फौजेचे बैल हांकणारा कावसजी नांवाचा एक मराठा शत्रूच्या हातीं सांपडला. त्याचें नाक कापून एक हातही तोडण्यांत आला. वर्षभरानें पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातींतील एका कारागिरानें त्याला नवें नाक बसविलें. मेणाच्या नमुन्यावरून कपाळावर आकृति आंखावयाची, तेवढी कातडी सोडवून फिरवून खालीं आणावयाची. मात्र दोन भुंवयांमधली एक चिंचोळी पट्टी तूर्त कापावयाची नाहीं. ही हकीकत १७९४ सालीं लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्यें छापली गेली, आणि १८१४ सालीं कार्प्यू या शस्त्रवैद्यानें तेथें तीच क्रिया यशस्वी केली. त्या पट्टींतून रक्त वाहत राहिलें, म्हणून नाक जगलें. या विद्येचें सारें मर्म त्या पट्टींत आहे.

ही झाली कातडीची गोष्ट. पण गाल बसला, किंवा गांठ काढल्यामुळें स्तनाला खळगा पडला, तर आंतील मऊ भाग कशानें भरावा ? १८९३ सालीं जर्मनींतील नॉयबर यांनीं रोग्याच्याच दंडांतील चरबीचे तुकडे चेहऱ्यांत बसविले. लहान तुकडे टिकले, मोठे टिकले नाहींत. कारण मोठ्या तुकड्याच्या गाभ्यापर्यंत रक्त वेळेवर पोंचत नाहीं.

पुढें १८९९ सालीं व्हिएन्नाच्या गेर्सुनी यांनीं एका तरुणाच्या शरीरांतील उणीव भरून काढण्यासाठीं सुईनें व्हॅसलीन टोंचलें. मोठी चीरफाड नाहीं, वेदना थोड्या, रूप तत्काळ ! युरोप-अमेरिकेंत ही रीत झपाट्यानें पसरली. आम्ही मास्तर लोक सहामाहीचा निकाल पाहून मुलाचें भवितव्य सांगूं लागतों. त्या वैद्यांनींही तेंच केलें. कांहीं वर्षांनीं गांठी उठल्या, व्रण झाले, भरलेला पदार्थ जागा सोडून सरकला. रक्तवाहिनींत शिरून त्यानें कित्येकांची दृष्टि नेली. खनिज मेण शरीराला पचवितां येत नाहीं आणि टाकूनही देतां येत नाहीं.

१९८१ सालीं अमेरिकेंत गाईच्या कातड्यापासून शुद्ध केलेलें कोलॅजन टोंचण्यास मान्यता मिळाली. शंभरांत सुमारें तिघांना तें सोसत नसे, म्हणून आधीं हातावर चांचणी घेत. हा पदार्थ शरीराच्या जातीचा होता, पण कांहीं महिन्यांतच विरून जाई.

आतांची वाट अशी : मृत दात्याची चरबी घेऊन तींतील पेशी व स्निग्धांश धुऊन काढावयाचा. मुख्यतः पेशींमुळेंच शरीर परक्याला ओळखतें. त्या गेल्या कीं केवळ जाळी उरते. ती बारीक करून सुईनें भरली, म्हणजे रोग्याच्याच पेशी व रक्तवाहिन्या तींत घर करूं लागतात. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत ही जाळी प्रथम अशा माणसांना टोंचली, ज्यांच्या पोटावरील तो भाग पुढें शस्त्रक्रियेंत काढावयाचाच होता. मग काढलेला भाग तपासला.

गेर्सुनींच्या काळीं हाच धीर नव्हता. भरलेलें मांस पहिल्या महिन्यांत कसें दिसतें, हा प्रश्न गौण आहे. त्यांत रक्त खेळतें काय, हेंच विचारावयाचें. आणि तें त्या पुणेरी कारागिराला ठाऊक होतें.