पाणी जाते, मीठ राहते

बारामती-इंदापूरच्या माणसाचा समुद्राशी संबंध तो काय? बाजाराच्या दिवशी पाटीत मांडलेले सुके बोंबील, आणि फार तर मुलांच्या सुटीत मुंबईस जाऊन पाहिलेले चर्नी रोडजवळचे तारापोरवाला मत्स्यालय. १९५१ साली उघडलेल्या या मत्स्यालयाने घाटावरच्या कितीतरी मुलांना समुद्राच्या पोटातले रंग प्रथम दाखविले. असे काही पाहून आलेल्या एखाद्या हौशी गृहस्थाने घरीच काचेच्या पेटीत समुद्र मांडायचे मनावर घेतले, तर आज ते अशक्य राहिलेले नाही. समुद्राचे तयार मीठ विकत मिळते. शुद्ध पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या मानाने ते विरघळविले की झाला समुद्र!

पहिले काही दिवस घर हरखून जाते. मग काचेवर तपकिरी थर चढतो. तो पुसावा तर दगडांवर हिरवे केस उगवतात, आणि जिथे पाणी हलत नाही त्या कोपऱ्यात तांबडी बुळबुळीत साय धरते. घरधनी खरवडतो, मुले मदत करतात, कोणी औषध सुचवितो; चार दिवसांनी शेवाळ पुन्हा हजर. हे येते कोठून? हा प्रश्न पावणेदोनशे वर्षांचा जुना आहे, आणि त्याच्या उत्तराची वाट लंडनहून निघून नेमकी नीरा-भीमेच्या काठी येऊन पोचते.

१८४६ साली ॲना थिन नावाच्या इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही जिवंत पोवळी लंडनला नेली. घरात समुद्र टिकविण्याची विद्या तेव्हा कोणापाशी नव्हती. पाणी शिळे होऊ नये म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी बसून ते एका भांड्यातून दुसऱ्यात ओतीत राही. आज वीज जे काम करते ते तिचे हात करीत होते! पुढे बाईंनी पाण्यात समुद्रातलीच शेवाळे मुद्दाम आणून ठेवली आणि तो इवलासा समुद्र जवळजवळ तीन वर्षे जगला. म्हणजे घरगुती प्रवाळाच्या पहिल्याच कथेत शेवाळ हे शत्रू म्हणून येत नाही, मित्र म्हणून येते.

त्याच सुमारास लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन गोड्या पाण्यावर प्रयोग करीत होते. काचेच्या भांड्यात त्यांनी दोन सोनेरी मासे आणि एक पाणवनस्पती ठेवली. वनस्पतीने प्राणवायू द्यावा, माशांनी तो घ्यावा, असा सोपा संसार. पण वनस्पतीची पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले, काचेवर हिरवा बुळबुळीत थर आला. वॉरिंग्टन यांनी भांडे फेकून दिले नाही. तळ्यातल्या गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनी कुजकट तेवढे खाल्ले आणि पाणी निवळले. १८५० साली प्रसिद्ध झालेल्या या लहानशा प्रयोगावर पुढचे मत्स्यालयशास्त्र उभे राहिले. पेटीत जे पडते ते कोणीतरी खाल्ले पाहिजे किंवा बाहेर काढले पाहिजे. ते आपोआप नाहीसे होत नाही, हा त्याचा मथितार्थ.

माशांना टाकलेले खाणे आणि त्यांची विष्ठा यांतून अमोनिया होतो. सूक्ष्म जंतू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट बनवितात. त्यांच्या जोडीला असते खाण्यातून आलेले फॉस्फेट. शेतकऱ्याला हे सांगायला नको, कारण युरिया आणि सुपर फॉस्फेटची पोती तो दरसाल उचलतो. नायट्रेट आणि फॉस्फेट हे पिकाचे खत आणि शेवाळाचेही. १९७३ साली कॅनडात डेव्हिड शिंडलर यांनी एक तळे मध्ये पडदा घालून दोन भागांत तोडले. दोन्हींकडे कार्बन आणि नायट्रोजन घातला, एकीकडे मात्र जोडीला फॉस्फरसही दिला. तेवढाच भाग हिरवागार झाला, शेजारचा स्वच्छ राहिला. शेवाळ खरवडणे म्हणजे दिवाळीच्या झाडलोटीत कचरा पलंगाखाली सारणे होय. खत तिथेच राहते.

आता मिठाकडे वळू. १०० लिटरच्या पेटीत साडेतीन किलो मीठ असते. उन्हाळ्यात १० लिटर पाणी उडून गेले आणि भोळ्या यजमानाने तितकेच खारे पाणी भरले, तर ३५० ग्रॅम मीठ वाढले. असे दहा वेळा केले की मीठ सात किलो, म्हणजे थेट दुप्पट! उडते ते नुसते पाणी. मीठ मागे राहते. म्हणून तूट भरायची ती शुद्ध गोड्या पाण्याने, बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने नव्हे.

हाच हिशेब नीरेच्या खोऱ्याने फार मोठ्या पाटीवर मांडून दाखविला. १८७६-७८ च्या दुष्काळाने होरपळलेल्या या भागात १८८५ च्या सुमारास नीरा डाव्या कालव्याचे पाणी आले. माळरान हिरवे झाले, उसाचे मळे उभे राहिले. पण काळ्या जमिनीतून पाणी झटकन निचरत नाही. भरपूर पाणी दिले तशी जमिनीखालची पातळी चढत गेली. खालचे क्षार ओलाव्याबरोबर वर आले, पाणी उन्हाने उडाले आणि वावरावर पांढरा थर फुटला. कालव्याचे गोड पाणीही क्षारांवाचून नसते. लिटरला अर्धा ग्रॅम धरला, तरी एक मीटर पाणी पाजलेल्या हेक्टरभर रानात पाच टन क्षार येऊन पडतात. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी १९१० साली नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिकाच प्रसिद्ध केली. चर खणून निचरा करणे आणि पाणी बेताने देणे, हाच तिथला खरा इलाज. पाणी आणण्याइतकेच ते बाहेर काढण्याचेही महत्त्व आहे, हे त्या पांढऱ्या रानांनी शिकविले.

मिठाची गोष्ट नीरेवर झाली, तर शेवाळाची गोष्ट भीमेवर. १९८० साली पुरे झालेल्या उजनी धरणाचे पाणी इंदापूर तालुक्यात दूरवर पसरले. भिगवण-कुंभारगावाकडे हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात आणि पाहायला माणसांची रीघ लागते. पण त्याच पाण्यात वरून पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी येते, रानांतले खतही वाहून येते. मग पाणी हिरवे होते, जलपर्णी माजते. काचेच्या पेटीत दोन चिमटे जास्त खाणे टाकण्याचे जे फळ, तेच इथे कोसच्या कोस दिसते.

तेव्हा घरच्या पेटीचे औषध साधे आहे. नव्या पेटीतला तपकिरी थर बहुधा आपोआप ओसरतो. तिथे धीर धरावा. जंतू स्थिरावण्यापूर्वी मासे सोडू नयेत. खाणे मोजके द्यावे, आठवड्याला थोडे पाणी बदलावे, तांबडी साय दिसली तर प्रवाह वाढवावा, दिवा आठ-दहा तासांपेक्षा जास्त जाळू नये. पोवळ्यांची हौस मात्र आपल्या देशात घरी भागवू नये. २००१ पासून खरी पोवळी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीला, आहेत. ती पाहायची तर मालवणला जावे; तिथले सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. पोवळ्याच्या अंगातही सूक्ष्म शेवाळ राहते आणि उन्हात अन्न रांधून त्याला भरविते. पाणी फाजील तापले की तो आश्रित निघून जातो आणि पोवळे पांढरे पडते.

पेटीतले पाणी बादलीने बदलता येते. रानाला चर खणता येतो, त्याला मात्र पैसा आणि शेजाऱ्याची संमती लागते, कारण एकाचा चर दुसऱ्याच्या बांधातून जातो. उजनी कोणाला बादलीने उपसता येणार नाही. तिथे वरून येणारी घाण वरच अडविली पाहिजे. मुलांनी घरातल्या पेटीवर हा हिशेब शिकून घेतला, तर पुढे शेताचा आणि धरणाचा हिशेब त्यांना कोणी वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.