हिरड्यांचा पहिला इशारा

दात हलू लागले की मनुष्य वार्धक्याला दोष देतो. दातांना धरून ठेवणाऱ्या हिरडीकडे त्याचे लक्ष जात नाही. वस्तुतः हिरड्यांच्या विकारांची ओळख भारतीय वैद्यकाला फार प्राचीन काळापासून आहे. सुश्रुतसंहितेत दंतमूलांच्या रोगांची स्वतंत्र गणना आढळते. त्यांपैकी ‘शीताद’ ह्या रोगात हिरड्यांतून अकस्मात् रक्त येते, त्या मऊ पडतात व त्यांना दुर्गंधी येते, असे म्हटले आहे. आणि ‘उपकुश’ नामक रोगात दातच हलू लागतात. चरकसंहितेने दिवसातून दोन वेळा दंतकाष्ठ वापरावयास सांगितले. परंतु हिरड्यांना इजा होता कामा नये, असेही बजावले.

लक्षणे अशी ठाऊक असली तरी कारण मात्र दीर्घकाळ अज्ञातच राहिले. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचे अँटनी व्हान लेव्हेनहूक हे नित्य मीठ लावून दात घाशीत. तरीही दातांच्या फटींत पांढरा, पिठासारखा मळ साचलेला त्यांना दिसला. तो त्यांनी आपल्या भिंगाखाली पाहिला, तो त्यात असंख्य सूक्ष्म जीव वळवळत होते! १६८३ साली त्यांनी हा वृत्तान्त लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविला. पण हा मऊ मळच हिरड्यांच्या रोगाचे मूळ होय, हे निर्विवाद सिद्ध होण्यास पुढे जवळजवळ तीन शतके जावी लागली.

ते कार्य १९६५ साली डेन्मार्कमधील ऑर्हूस येथे हाराल्ड ल्यो व त्यांचे सहकारी ह्यांनी केले. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांनी दात घासणे मुद्दाम बंद ठेवले. दहा ते एकवीस दिवसांत त्या सर्वांच्या हिरड्यांना दाह सुरू झाला. दात पुन्हा स्वच्छ होऊ लागताच सुमारे आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत् झाल्या. आरंभीचा विकार संपूर्ण बरा होतो, हाच ह्या प्रयोगाचा मोठा धडा होय.

दुर्लक्षाचे फळ काय, हे ल्यो ह्यांच्याच मंडळींना श्रीलंकेतील चहाच्या मळ्यांवर दिसले. दात घासण्याची सवय व दंतवैद्यकीय मदत ह्या दोहोंपासून वंचित असलेल्या मजुरांचे निरीक्षण त्यांनी १९७० ते १९८५ पर्यंत केले. सुमारे शेकडा अकरा जणांतच विकार हिरडीच्या पुढे सरकला नाही. शेकडा एक्क्याऐंशी जणांत दातांचा आधार हळूहळू, तर शेकडा आठ जणांत झपाट्याने ढासळत गेला. असा झिजलेला अस्थीचा आधार आपोआप भरून येत नाही.

म्हणून पहिली खूण ओळखणे अगत्याचे आहे. निरोगी हिरडी घट्ट असते व घासताना तिच्यातून रक्त येत नाही. ती लाल होऊन सुजली, रक्त येऊ लागले, तोंडाला दुर्गंधी सुटली, की रोगाचा प्रवेश झाला असे समजावे. वेदना बहुधा नसतात, त्यामुळेच माणूस फसतो. धूम्रपान करणाऱ्यांत तर रक्तही कमी येते आणि इशारा झाकला जातो. रक्त दिसताच त्या जागी घासणे सोडून देणे, ही सार्वत्रिक चूक होय. उलट मऊ ब्रशाने दात व हिरडी ह्यांच्या सांध्यावर हलक्या हाताने दोन वेळा घासावे आणि दातांच्या फटीही स्वच्छ ठेवाव्यात. मळ कठीण होऊन त्याचे किटण झाले असल्यास ते दंतवैद्याकडूनच काढवून घ्यावे. पंधरवड्यात रक्त न थांबल्यास त्याचा सल्ला घेण्यास विलंब करू नये.