सही केली म्हणजे सुटका नाही? करारातून बाहेर पडण्याच्या हक्काचा इतिहास : बोरघाट ते होटगी

१/ होटगीचा एखादा तरुण जानेवारीत सोलापुरातील जिमची वर्षाची फी एकरकमी भरतो. एप्रिलमध्ये त्याला पुण्यात नोकरी लागते. उर्वरित पैसे मागताच पावतीमागची बारीक अक्षरांतील ओळ त्याच्यापुढे धरली जाते : ‘भरलेली रक्कम परत मिळणार नाही.’ सोबत प्रश्न येतो, ‘सही तुमचीच ना?’ या प्रश्नामागे दीडशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. #थ्रेड

२/ तालमीत हा प्रश्न उद्भवत नसे. वस्तादाच्या पायाला हात लावून पठ्ठ्या लाल मातीत उतरे, गुरुदक्षिणा ऐपतीप्रमाणे. तालीम सुटली तर गावात चार बोल ऐकावे लागत, पण त्यासाठी कोणी कागद पुढे करीत नसे. शरीर कमावण्याच्या व्यवहारात छापील करार आला तो जिमबरोबर. मात्र आगाऊ पैसा आणि सही यांनी माणसाला बांधून ठेवण्याची रीत त्याहून पुष्कळ जुनी आहे.

३/ या इतिहासाचा आरंभ बोरघाटातून करता येतो. मुंबईहून पुण्यामार्गे सोलापूरकडे येणाऱ्या जीआयपी रेल्वेपुढे सर्वांत मोठा अडसर या घाटाचा होता : सुमारे २५ किलोमीटरचा चढ आणि २५ बोगदे. कामाचा ठेका विल्यम फेव्हिएल या इंग्रज कंत्राटदाराकडे होता. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून तेथील मजूर खवळले आणि दंगल झाली.

४/ त्याच वर्षीच्या मार्चमध्ये फेव्हिएलने ठेका सोडला. काम अर्धवट असताना तो करारातून बाहेर पडला. पुढे ठेका सॉलोमन ट्रेडवेलकडे गेला. भारतात पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत त्याचे निधन झाले आणि त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने तो करार स्वतःच्या शिरावर घेतला. १८६३ मध्ये घाटमार्ग खुला झाला. एकाने सोडलेला करार दुसऱ्याने उचलला, आणि व्यवहार पुढे चालू राहिला.

५/ फेव्हिएलने ठेका सोडल्याला दोन महिनेही झाले नव्हते, तोच मे १८५९ मध्ये सरकारने १८५९ चा १३ वा कायदा केला. कामगारांच्या करारभंगाविषयीचा हा कायदा. उचल घेऊन काम सोडून जाणाऱ्या कारागिरांविरुद्ध कलकत्त्याच्या व्यापाऱ्यांनी केलेल्या तक्रारींतून तो जन्मला. आरंभी तो कलकत्ता, मद्रास व मुंबई या शहरांपुरता होता. पुढे अन्य प्रदेशांना लागू करण्याची तरतूद त्यात होती.

६/ कायद्याचे स्वरूप असे : कारागिराने वा मजुराने उचल घेतली आणि वाजवी कारणाविना काम सोडले, तर मालकाने मॅजिस्ट्रेटकडे जावे. मॅजिस्ट्रेटने त्यास उचल परत करण्याचा किंवा कराराप्रमाणे काम पुरे करण्याचा हुकूम द्यावा. हुकूम न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरीची कैद. पैशाचा तंटा एरवी दिवाणी न्यायालयाचा विषय; येथे तो फौजदारी झाला.

७/ या दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. कंत्राटदाराने ठेका सोडला, तर तो हिशेबाचा आणि वाटाघाटीचा विषय. मजुराने काम सोडले, तर तो तुरुंगाचा विषय. त्यातही १३ वा कायदा एकतर्फी होता : मजुरी थकवणाऱ्या मालकास त्यात शिक्षा नव्हती. बोरघाटाच्या दंगलीनंतर १८६० मध्ये मजुरीच्या तंट्यांचा जलद निवाडा करणारा कायदा झाला खरा. पण तोही काम सोडण्याचा हक्क देणारा नव्हता.

८/ लोहमार्ग १८६० मध्ये सोलापुरास आला आणि १८७१ मध्ये रायचूरपर्यंत पोहोचला. याच मार्गावर, आजच्या दक्षिण सोलापूर तालुक्यात, होटगी आहे. १८८० च्या दशकात येथून विजापूरमार्गे गदगकडे मीटरगेज फाटा निघाला आणि होटगी जंक्शन झाले. ज्या जिल्ह्यात हे जंक्शन उभे राहिले, त्या जिल्ह्यात तोवर करारांविषयीचा एक असाधारण कायदा लागू झाला होता.

९/ पार्श्वभूमी कापसाची. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५, तेथील कापूस इंग्लंडला मिळेना. दख्खनच्या कापसाला भाव आला आणि सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. युद्ध संपताच भाव कोसळले. त्यात फेरआकारणीने सारा वाढला. नवी उधारी आटली आणि जुन्या रोख्यांची वसुली सुरू झाली.

१०/ येथे एका कायद्याने उलटाच परिणाम केला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यान्वये साध्या रोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावणे आवश्यक झाले. ऋणकोस संरक्षण मिळावे हा त्यामागील हेतू. प्रत्यक्षात सावकार दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घेई आणि थकलेले व्याज त्यात मुद्दल म्हणून मिळवी. अक्षरशत्रू शेतकरी प्रत्येक रोख्यावर निशाणी करीत गेला. प्रत्येक कागदावर त्याची ‘संमती’ होती.

११/ १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी उठाव झाला. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत तो पसरला. जमावाचा रोख मुख्यत्वे रोखे आणि खतावण्यांवर होता. सावकाराकडून कागद मागून घ्यावेत आणि जाळावेत. कागद मिळाला की पुष्कळ ठिकाणी त्याच्या अंगाला हात लागत नसे. आपल्याला बांधणारी वस्तू कोणती, हे शेतकऱ्यांना नेमके ठाऊक होते.

१२/ सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये ‘दख्खन शेतकरी साहाय्य कायदा’ केला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी तो होता. सोलापुरात दंगलीचे लोण पोहोचले नव्हते. कायदा मात्र पोहोचला. होटगीच्या शेतकऱ्याचा रोखाही आता त्याच्या कक्षेत आला.

१३/ या कायद्यातील तरतुदी आजही वाचण्याजोग्या आहेत. न्यायालयाने केवळ शेवटचा रोखा पाहून निकाल द्यावयाचा नाही. व्यवहार आरंभापासून तपासावयाचा. मुद्दल व व्याज यांचा हिशेब वेगवेगळा मांडावयाचा, आणि मुद्दलात मिसळलेले व्याज वेगळे काढावयाचे. उभयतांत काही वेगळे ठरले असले, तरीही. पैशाच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्यास कैद करता येणार नाही.

१४/ आणखी एक तरतूद साधी पण मोलाची होती. शेतकऱ्याचा रोखा गावच्या निबंधकासमोर, मजकूर समजावून सांगूनच व्हावयाचा. पैसे फेडल्याची पावती आणि हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क शेतकऱ्यास मिळाला. न्या. महादेव गोविंद रानडे यांनी पुढे या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले.

१५/ कायदा निर्दोष नव्हता. कर्जाच्या व्यवहाराला खरेदीखताचे रूप देऊन तो चुकविण्याची वाट सावकारांनी शोधली. काही ठिकाणी गरजू शेतकऱ्याची पतच आटली. तरीही एक तत्त्व सोलापूरच्या न्यायालयांत रुजले : सही हा न्यायालयीन चौकशीचा आरंभ असू शकतो, शेवट नव्हे.

१६/ मजुराची सुटका याहून उशिरा झाली. इंग्लंडमध्ये काम सोडणाऱ्यास तुरुंगात धाडणारा ‘मालक-नोकर’ कायदा १८७५ मध्येच गेला. म्हणजे सुप्याच्या उठावाच्याच वर्षी. भारतात १३ वा कायदा त्यानंतर पन्नास वर्षे राहिला. १९२५ मध्ये तो रद्द करणारा कायदा झाला आणि १ एप्रिल १९२६ पासून अंमलात आला. भारतीय दंडसंहितेतील करारभंगाच्या तीन कलमांपैकी दोन त्याच कायद्याने गेली.

१७/ उरलेले एक कलम असहाय व्यक्तीची देखभाल करण्याचा करार मोडण्याविषयीचे. ते आजही भारतीय न्याय संहितेत आहे. बाकी सेवेचा सामान्य करार मोडणे हा गुन्हा नाही. उचलीच्या बदल्यात सक्तीने राबवून घेणे मात्र १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. सोलापूरच्या ऊस पट्ट्यात उचल हा शब्द अजून रोजच्या वापरात असल्याने हा भेद लक्षात असणे महत्त्वाचे.

१८/ आता जिमकडे. करार मोडल्यास किती द्यावे लागेल याचे उत्तर १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ मध्ये आहे. करारात भंगापोटी एखादी रक्कम लिहिलेली असली, तरी दुसऱ्या पक्षास मिळते ती वाजवी भरपाई. लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा. तो आपोआप मिळणारा हक्क नव्हे.

१९/ आधीच भरलेल्या पैशाचे काय? फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या १९६३ च्या खटल्यात दिल्लीतील बंगल्याच्या सौद्यापोटी दिलेले २५ हजार रुपये विक्रेत्याने जप्त केले होते. सर्वोच्च न्यायालयाने १ हजार रुपये बयाणा ठेवू दिला. उरलेले २४ हजार दंड म्हणून गिळता येणार नाहीत, असे ठरवले. १९६९ च्या मौला बक्ष खटल्यात, लष्कराला बटाटे पुरविण्याचा करार मोडलेल्या ठेकेदाराची अनामतही सरकारला सरसकट जप्त करता आली नाही.

२०/ म्हणजे जिम सोडणाऱ्यास सगळे पैसे परत मिळतात काय? नाही. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मासिक दर १,५०० रुपये. वर्षाचे एकदम भरल्यास १२,०००. तीन महिन्यांनी सोडले. जिमचे म्हणणे रास्त असू शकते की सवलत वर्षाच्या हमीवर होती. मग तीन महिन्यांचे मासिक दराने ४,५०० कापावेत; ७,५०० उरतात. त्यातून प्रत्यक्ष नुकसान असेल तर तेही वजा व्हावे. पण ‘काहीच परत नाही’ याला हिशेब म्हणता येत नाही.

२१/ हाच प्रश्न २०११ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयापुढे आला. अनेक जिमसाठी सदस्य-करार चालविणाऱ्या ॲशबर्न मॅनेजमेंट सर्व्हिसेस या कंपनीविरुद्धचा तो खटला. आपण जिमला किती नियमित जाऊ याविषयी सामान्य ग्राहकाचा अंदाज चुकतो, त्याची परिस्थितीही बदलते. आणि या चुकीवरच असा धंदा उभा असतो, हे न्यायालयाने नोंदवले. एक वर्षाहून अधिक काळ सुटकेविना बांधणारी कलमे अन्याय्य ठरली.

२२/ भारतात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘अन्याय्य करार’ ही संकल्पना आणली. करारभंगाने होणाऱ्या नुकसानीच्या मानाने अवास्तव दंड लादणारी अट तीत बसते. मात्र केवळ करार अन्याय्य असल्याची तक्रार राज्य आयोगापुढे करावी लागते. सेवेतील त्रुटी असेल (जिम बंद पडले, स्थलांतरित झाले, कबूल केलेला प्रशिक्षक वा यंत्रे नाहीत), तर ती तक्रार जिल्हा आयोगापुढे चालते.

२३/ व्यवहारात करावयाच्या गोष्टी अशा. सोडण्याचे कारण व तारीख लिहून जिमला लेखी कळवावे. पावती, कराराची प्रत आणि जाहिरात जपावी. किती दिवस वापर झाला याचा हिशेब आपणच मांडून नेमकी रक्कम मागावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तक्रारीची मुदत दोन वर्षे. ग्राहक जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या व्यवहाराला शुल्क नाही.

२४/ वर्षाचे पैसे हप्त्यांवर, कर्जाने भरले असतील तर विशेष जपावे. तेथे जिमशी एक आणि कर्ज देणाऱ्या संस्थेशी दुसरा, असे दोन करार असतात. जिमला जाणे थांबवले म्हणून हप्ता आपोआप थांबत नाही. दोघांनाही लेखी कळवावे लागते.

२५/ १८७९ मध्ये होटगीच्या शेतकऱ्यास कायद्याने दिलेल्या गोष्टी तीन : आधी समजावून सांगितलेला कागद, दिलेल्या पैशाची पावती आणि आरंभापासूनचा हिशेब. पुण्याला निघालेल्या तरुणानेही जिमच्या काउंटरवर याच तीन गोष्टी मागाव्यात. पहिली सही करण्यापूर्वी, दुसरी पैसे देताना आणि तिसरी सोडताना.

(समाप्त)