कॉफीचा पेला आणि कामगारांची मालकी

घरी कॉफी करणे ही काही अवघड विद्या नव्हे. पितळी फिल्टरच्या वरच्या भांड्यात ताजी दळलेली पूड घालावी, बेताने दाबावी, उकळते पाणी ओतावे आणि थांबावे. पूड फार दाबली तर थेंब उतरत नाही. सैल राहिली तर पाणी नुसतेच वाहून जाते. खाली जमलेल्या अर्कात गरम दूध व साखर घातली की झाली कॉफी.

परंतु हा पेला आपल्या हाती आला कसा? १९२९नंतरच्या जागतिक मंदीत मळेवाल्यांच्या कॉफीला गिऱ्हाईक मिळेना. ती देशातच खपावी म्हणून १९३५ साली कायद्याने उपकर बसविण्यात आला, आणि १९३६ साली मुंबईत चर्चगेटला पहिले कॉफी हाऊस निघाले. पुढे कॉफी बोर्डाने ती शहरोशहरी चालविली. १९५०नंतरच्या दशकात मात्र बोर्डाने ती बंद करावयास घेतली व नोकर रस्त्यावर आले. तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने त्यांनी सहकारी संस्था काढल्या. पहिली १९५७ साली बंगळूरला. काल पेले उचलणारे आज सभासद झाले. ही कॉफी हाऊसे कित्येक शहरांत आजही चालू आहेत.

आम्हां चळवळीतल्या माणसांना संप करता येतो. पण रोजचा जमाखर्च ठेवणे, ही त्याहून कठीण लढाई होय. ती या वाढप्यांनी जिंकून दाखविली.