गोळा आणि पान

येवल्यावरून जाणारा दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ सालीं सुरू झाला, तो एकेरी. अशा मार्गांवर समोरासमोरच्या दोन गाड्या एका टप्प्यांत शिरूं नयेत म्हणून चालकास गोळा देण्याची रीत पुढें पडली. टप्प्याला गोळा एकच; तो नसेल त्यानें थांबावें.

संगणकांत एकाच स्मृतीवर दोन कामें धांवतात, तेव्हां हाच पेच पडतो. डच पंडित डाइक्स्ट्रा यांनीं १९६० नंतर त्यावर युक्ति योजिली आणि तिला रेल्वेच्या सिग्नलाचेंच ‘सेमाफोर’ हें नांव दिलें.

तरी चूक राहतेच. लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्यांत २००७ पासून अशी एक दडली होती. केवळ वाचावयास दिलेल्या स्मृतीच्या पानावर कोणी लिहूं लागल्यास गाभा त्यास वेगळी प्रत करून देई. एक काम त्या प्रतीवर लिहावयास निघालें आणि तेवढ्यांत दुसऱ्यानें ती टाकून दिली, कीं अक्षरें मूळ पानावर उमटत; सामान्य वापरणारा यंत्राचा धनी होई! लिनक्सचे कर्ते टॉरव्हाल्ड्स यांस हा धोका २००५ मध्येंच दिसला होता. पण त्यांची डागडुजी निराळ्या जातीच्या यंत्रांवर अडचण आल्यानें काढावी लागली. आम्हांस खेद वाटतो तो याचा. ऑक्टोबर २०१६ मध्यें दुरुस्ती झाली, ती साधीच: प्रत केल्याची खूण जवळ ठेवावयाची, आणि लिहिण्यापूर्वीं ती प्रत अजून जागेवर आहे ना, हें पाहावयाचें.